किडनीचा आतला गाभा, तिथलं संथ रक्त आणि घट्ट लघवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. किडनीच्या आतल्या भागाचा धडा पहिल्या वर्षाच्या मुलांना अवघड जातो, आणि सिकलसेलच्या, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या घरच्यांना तो कुणी सांगतच नाही. खरी गरज त्यांना जास्त आहे. दोघांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. औषध आणि त्याचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

किडनीचा आतला भाग म्हणजे नेमका कोणता?

मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा गुर्दा आणा आणि धारदार सुरीनं लांबीत दोन भाग करा. बाहेरचा पट्टा तपकिरी-लाल आणि किंचित रवाळ दिसेल, तो कॉर्टेक्स. त्याच्या आत एक गडद जांभळट पट्टा आणि त्याच्याही आत फिकट होत गेलेला भाग, हे दोन्ही मिळून मेड्युला. मेड्युलाकडे नीट पाहिलं तर बारीक सरळ रेघा एका टोकाकडे उतरताना दिसतात. त्या रेघा म्हणजे खाली-वर जाणाऱ्या लघवीच्या नळ्या आणि त्यांना बिलगून धावणाऱ्या रक्तवाहिन्या. टोकाला म्हणतात पॅपिला. तयार झालेली लघवी तिथून बाहेर पडते. बकऱ्याच्या किडनीत असा एकच कंगोरा असतो, माणसाच्या किडनीत साधारण ८ ते १८ शंकू असतात.

रक्त गाळणाऱ्या सगळ्या गाळण्या, म्हणजे ग्लोमेरुलस, कॉर्टेक्समध्येच असतात. एका किडनीत साधारण १० लाख. मेड्युलात गाळणी एकही नाही. तिथे एकच काम चालतं : गाळून आलेल्या पाण्यातलं किती परत घ्यायचं आणि किती सोडून द्यायचं.

किडनीला तर भरपूर रक्त मिळतं म्हणतात. मग आत कमी का?

मिळतं ते भरपूरच. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्याकडे जातं. वाटणी मात्र फार विषम आहे. सुमारे ९० टक्के रक्त कॉर्टेक्समध्येच फिरतं, मेड्युलाच्या वाट्याला १० टक्के येतं आणि अगदी आतल्या पॅपिलापर्यंत एक-दोन टक्केच पोहोचतं. कॉर्टेक्समध्ये एक ग्रॅम ऊतीला मिनिटाला चार-पाच मिलिलिटर रक्त मिळतं. आतल्या मेड्युलात तेच १ मिलिलिटरच्याही खाली असतं.

कॉर्टेक्सचं हे रक्त त्याच्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी नसतं, ते गाळण्यासाठी येतं. दिवसाला १८० लिटर पाणी गाळायचं तर तेवढा लोंढा लागणारच. मेड्युलात काम उलटं आहे. तिथे क्षार साठवून ठेवायचे असतात, आणि जोरदार प्रवाह आला तर ते साठणारच नाहीत. तिथलं रक्त कमी आहे ही शरीराची चूक नाही, पाणी वाचवण्याची तीच अट आहे. या पानावरची पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

लघवी घट्ट होते ती कशी?

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. बाहेर खारटपणा जास्त असला की पाणी तिकडे ओढलं जातं. किडनीही पाणी असंच ओढून घेते. शरीरात पाणी थेट ढकलणारा पंप कुठेच नाही. पंप असतो तो क्षारांचा, पाणी त्यांच्या मागे जातं. म्हणून लघवीतलं पाणी परत घ्यायचं तर लघवीच्या नळीबाहेर नळीतल्यापेक्षा जास्त खारट जागा तयार करावी लागते. ती जागा म्हणजे मेड्युला.

आकड्यांत सांगायचं तर रक्ताची संहती, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, लिटरमागे २८५ ते २९५ मिलीऑस्मोल असते (मिलीऑस्मोल हे असे कण मोजायचं एकक). कॉर्टेक्समध्येही तेवढीच. पण मेड्युलात जसजसं खोल जावं तसतशी ती वाढत जाते, आणि पाण्याची टंचाई असेल तेव्हा पॅपिलाच्या टोकाशी १२०० च्या आसपास पोहोचते. म्हणजे रक्ताच्या चौपट.

हा खारटपणा तयार करतो हेन्लेचा लूप. ही नळी कॉर्टेक्समधून मेड्युलात उतरते, वळते आणि परत वर येते. उतरणाऱ्या बाजूतून पाणी बाहेर जाऊ शकतं. चढणाऱ्या बाजूला मात्र पाण्याला वाट नाही. तिच्या जाड भागातले पंप सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड आतून उचलून बाहेर टाकत राहतात. एका पातळीवर हा पंप जेमतेम २०० मिलीऑस्मोलचा फरक पाडू शकतो. पण दोन प्रवाह शेजारून उलट दिशांनी वाहत असल्यामुळे तो छोटा फरक पायरी पायरीनं साठत जातो. इतक्या साध्या मांडणीतून चौपट संहती उभी राहते, हे मला इतकी वर्षं शिकवूनही थक्क करणारं वाटतं.

एक गाळणी आणि तिची नळी मिळून होतो एक नेफ्रॉन. सगळ्याच नेफ्रॉनचे लूप खोल जात नाहीत. कॉर्टेक्सच्या तळाशी असलेल्या नेफ्रॉनचे, साधारण १५ टक्क्यांचे, लांब लूप आतल्या मेड्युलात उतरतात. लघवी सर्वांत घट्ट करण्याची क्षमता या मूठभर नेफ्रॉनवर टिकून आहे. अगदी आतल्या भागात लूपची चढती बाजू पातळ असते आणि तिथे जोरदार पंप सापडत नाहीत. मग तिथला खारटपणा नेमका कसा वाढतो, यावर संशोधकांमध्ये अजून एकमत नाही.

मग वाहणारं रक्त हा खारटपणा धुऊन का नेत नाही?

विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांत हा मला सर्वांत आवडतो, कारण हा ज्याला पडला त्याला धडा कळला.

मेड्युलातल्या रक्तवाहिन्यांना व्हासा रेक्टा म्हणतात. खोलवरच्या ग्लोमेरुलसमधून बाहेर पडणाऱ्या धमनिकांपासून त्या निघतात, सरळ खाली उतरतात, वळतात आणि जवळपास त्याच वाटेनं वर येतात. उतरणारं रक्त खारट भागात शिरतं तेव्हा त्यातलं पाणी बाहेर जातं आणि क्षार व युरिया आत येतात. वळणापाशी रक्तही भोवतालाइतकंच खारट होतं. वर चढताना हेच सगळं उलट घडतं : क्षार बाहेर पडून शेजारच्या उतरत्या वाहिनीत जातात आणि पाणी परत आत येतं. म्हणजे क्षार तळाशीच घोळत राहतात आणि पाणी वरच्या वर वळवलं जातं. वर आलेलं रक्त किडनीत शिरताना होतं त्यापेक्षा थोडंसंच जास्त खारट असतं.

इथे वेग महत्त्वाचा. रक्त संथ असेल तरच ही देवाणघेवाण पुरी होते. प्रवाह जोरात झाला तर क्षार परतायला वेळच मिळत नाही, ते रक्ताबरोबर निघून जातात आणि मेड्युला फिकी पडते. पण प्रवाह थांबूनही चालत नाही. लघवीतून सुटलेलं पाणी कुणीतरी उचलून न्यावं लागतं, नाहीतर तेच पाणी खारटपणा पातळ करेल. चढत्या व्हासा रेक्टांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून हे पाणी रक्तात येतं.

उतरत्या व्हासा रेक्टांभोवती पेरिसाइट नावाच्या आकुंचन पावणाऱ्या पेशी असतात. त्या वाहिनी आवळतात किंवा सैल सोडतात. शरीरातच बनणाऱ्या रसायनांपैकी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन त्यांना सैल ठेवतात, अँजिओटेन्सिन आवळतं. पेनकिलरच्या प्रश्नात हे परत लागेल.

हे सगळं कुणी शोधून काढलं?

लूपचं वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये केलं, पण त्याचं काम काय ते पुढची ८० वर्षं कळलं नव्हतं. उलट प्रवाहांची कल्पना मांडली ती स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या वेर्नर कून या भौतिक-रसायनशास्त्रज्ञानं, १९४२ मध्ये. १९५१ मध्ये कून, हारगिताय आणि विर्त्स यांनी किडनीचे गोठवलेले काप तपासून दाखवलं की टोकाकडे जाताना संहती खरोखर वाढत जाते. १९५९ मध्ये गॉटशाल्क आणि मिली यांनी केसाहून बारीक काचेच्या नळीनं जिवंत प्राण्याच्या नेफ्रॉनमधलं द्रव काढून मोजलं, आणि बहुतेकांच्या शंका मिटल्या. पाणी पेशीतून ज्या वाटेनं जातं त्या अ‍ॅक्वापोरिनच्या शोधाबद्दल पीटर एग्री यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एडीएच हार्मोनचं काम काय?

मेड्युला खारट असणं ही तयारी झाली. तिचा वापर करायचा की नाही ते एडीएच, म्हणजे व्हॅसोप्रेसिन, ठरवतं. शरीरात पाणी कमी झालं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ते रक्तात येतं आणि लघवीच्या शेवटच्या नळीच्या भिंतीत अ‍ॅक्वापोरिन-२ ची दारं उघडतं. खारट मेड्युला पाणी ओढून घेते, लघवी थोडी आणि गडद होते. भरपूर पाणी प्यालात की एडीएच घटतं, दारं मिटतात आणि लघवी ५० मिलीऑस्मोलपर्यंत पातळ होऊ शकते.

प्रथिनं कमी खाल्ली तर लघवी घट्ट होत नाही, हे खरं का?

खरं आहे. आतल्या मेड्युलातल्या खारटपणात जवळपास निम्मा वाटा युरियाचा असतो आणि युरिया प्रथिनांपासून बनतो. ज्याच्या जेवणात वरण, डाळ, अंडी, दूध फारच कमी आहे, त्याची पाणी वाचवण्याची ताकद घटते. युरिया म्हणजे नुसती घाण, ही समजूत पुरती खरी नाही.

मेड्युलाला ऑक्सिजन कमी पडतो असं वाचलं. निरोगी माणसातही?

हो, निरोगी माणसातही. ज्या मांडणीमुळे क्षार तळाशी अडकून राहतात, तीच मांडणी ऑक्सिजनला वरच्या वर पळवते. उतरत्या वाहिनीतला ऑक्सिजन तळाशी पोहोचण्याआधीच शेजारच्या चढत्या वाहिनीत निसटतो. कॉर्टेक्समध्ये ऑक्सिजनचा दाब साधारण ५० मिलिमीटर असतो, मेड्युलात १० ते २०.

बरं, मागणीही तिथे कमी नाही. लूपच्या जाड चढत्या भागातले पंप रात्रंदिवस चालू असतात. आलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ८० टक्के ही ऊती वापरून टाकते. हाताशी शिल्लक जवळपास काहीच नाही. म्हणून रक्तदाब अचानक पडला, खूप रक्त गेलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं, तर आधी मार बसतो तो बाहेरच्या मेड्युलातल्या नळ्यांना. आयसीयूत ज्याला अक्यूट किडनी इंज्युरी म्हणतात, तिची सुरुवात बरेचदा इथे होते.

नागपूरच्या उन्हाळ्यात किडनी काय करते?

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे असतो आणि हवा कोरडी. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर घाम सहज जातो. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतही नाही, शर्टावर मिठाची पांढरी नक्षी तेवढी उमटते. अशा वेळी एडीएच चढतं, किडनीचा रक्तपुरवठा आवळला जातो, मेड्युलाच्या तळाचं रक्त आणखी संथ होतं आणि लघवी अगदी थोडी व गडद होते. किडनी आपलं काम चोख करत असते. पण आधीच काठावर असलेल्या ऊतीला ती आणखी काठाकडे नेत असते. एखादा दिवस हे निभतं. महिनाभर रोज दुपारी हेच होत राहिलं तर मुतखड्याची शक्यता वाढते आणि किडनीवर ताण येतो.

मग पाणी किती प्यायचं?

सर्वांना लागू होणारा आकडा नाही, पण हिशेब सांगता येतो. रोजच्या जेवणातून साधारण ६०० मिलीऑस्मोल कचरा लघवीतून जायचा असतो. किडनी १२०० पर्यंत घट्ट करू शकत असेल तर त्याला अर्धा लिटर पाणी पुरतं. ही अगदी खालची हद्द झाली. तिच्या जवळ रोज राहणं बरं नाही. उन्हात काम करणाऱ्यानं घाम जाईल तसं थोडं थोडं पीत राहावं, आणि साध्या पाण्याबरोबर मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा ओआरएस घ्यावं, कारण घामातून मीठही जातं. सावजीचा तर्रीदार रस्सा खाल्ला त्या दिवशी मीठ जास्त गेलेलं असतं, ते बाहेर टाकायला पाणीही जास्त लागतं.

याच्या उलट टोकही आहे. किडनी धुऊन काढायची म्हणून दिवसाला सहा-सात लिटर पाणी ढोसणारे लोक मला भेटतात. त्यानं किडनी धुतली जात नाही. बरेच दिवस असं केलं तर मेड्युलाचा खारटपणा उतरतो आणि लघवी घट्ट करण्याची ताकद काही काळ कमी होते. थोड्या वेळात फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. आणि ज्यांना हार्ट फेल्युअर आहे किंवा किडनीचा जुना आजार आहे, त्यांनी डॉक्टरांनी आखून दिलेली मर्यादा उन्हाळ्यातही त्यांना विचारल्याशिवाय मोडू नये.

ऊन लागून डोकं दुखलं की मेडिकल स्टोअरमधून गोळी घेतो. त्यात काय बिघडलं?

गोळी कोणती त्यावर आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गटातली असेल तर बरंच बिघडू शकतं. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात, त्यामुळेच दुखणं थांबतं. पण शरीर सुकलेलं असताना मेड्युलाच्या वाहिन्या उघड्या ठेवायचं काम हेच प्रोस्टाग्लँडिन करत असतं. पाणी भरपूर असलेल्या तरुण माणसाला एखाद्या गोळीनं बहुधा काही होत नाही. दिवसभर उन्हात राबून, पाणी न पिता, दुखतंय म्हणून तीच गोळी दोन-तीनदा घेतली तर किडनी बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल चालू आहे, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आहे आणि वर ही पेनकिलर, हे तर फार वाईट त्रिकूट. बीपीची गोळी मनानं बंद करू नका, पेनकिलर टाळा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की कुठली गोळी थांबवायची.

वर्षानुवर्षं पेनकिलर खाणाऱ्यांत पॅपिला सडून तुटते असंही दिसलं आहे. रक्त सर्वांत कमी तिथे पोहोचतं, म्हणून मरतंही तेच टोक.

सिकलसेलचा आणि किडनीचा काय संबंध? तो तर रक्ताचा आजार आहे.

विदर्भात राहून हा संबंध ठाऊक नसणं परवडणारं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीत नोंदला गेला, आणि १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकल वाहकांवरचा, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेल्या लोकांवरचा, लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाहून मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या सिकलच्या रुग्णांची रांग नागपूरकरांनी पाहिलेली आहे.

सिकल हिमोग्लोबिन ऑक्सिजन सुटला की एकमेकांना चिकटून ताठ धागे बनवतं आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. कोणत्या परिस्थितीत हे लवकर होतं? ऑक्सिजन कमी असेल तर, भोवताल आम्लधर्मी असेल तर, आणि पेशीतलं पाणी कमी झालं तर. मेड्युलात या तिन्ही गोष्टी एकत्र भेटतात. एक लाल पेशी डोळ्यांसमोर आणा. ती उतरत्या व्हासा रेक्टात शिरते. भोवतालची संहती ३०० वरून १२०० कडे चढते, तसं पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, पेशी आकसते आणि आतलं हिमोग्लोबिन दाटतं. त्याच वेळी ऑक्सिजन निसटतो. प्रवाह संथ, म्हणून ती तिथे जास्त वेळ थांबते. निरोगी पेशी वर येताना पाणी परत घेऊन पूर्ववत होते. सिकल पेशी तळाशीच वाकडी आणि ताठ होते, अडकते, आणि तिच्या मागे दुसऱ्या.

असं रोज होत गेलं की व्हासा रेक्टा एकेक करून बंद होतात. १९७० मध्ये संशोधकांनी मृत्यूनंतर काढलेल्या किडन्यांच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांत दिसणारं द्रव भरून चित्रं काढली. सिकल रुग्णांच्या मेड्युलात व्हासा रेक्टा जवळपास उरल्याच नव्हत्या. वाहकांत होत्या, पण कमी आणि विस्कटलेल्या.

व्हासा रेक्टा गेल्या की लांब लूपही जातात. मग लघवी १२०० पर्यंत घट्ट होत नाही, ४०० च्या आसपास अडकते. आता मघाचाच हिशेब करा : ६०० मिलीऑस्मोल कचरा बाहेर टाकायला निरोगी माणसाला अर्धा लिटर पुरत होतं, सिकलच्या रुग्णाला दीड लिटर लागतं. तहानेनं जीव कासावीस झाला तरी त्याची किडनी हे पाणी रोखू शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात या एका लिटरची किंमत फार मोठी आहे, कारण शरीर सुकलं की पेशी आणखी वाकड्या होतात आणि अंगदुखीचा झटका येतो.

सिकलच्या रुग्णाची लघवी पांढरी असेल तर पाणी पुरेसं आहे असं समजायचं का?

नाही. हे घराघरांत पोहोचायला हवं. लघवीच्या रंगावरून पाणी कमी की पुरेसं ते ओळखा, हा सल्ला निरोगी माणसासाठी ठीक आहे. सिकलमध्ये किडनी घट्ट लघवी करूच शकत नाही, त्यामुळे शरीर सुकत असतानाही लघवी फिकी येऊ शकते. उलट लाल पेशी फुटून कावीळ वाढली असेल तर पाणी पुरेसं असूनही गडद दिसते. रंगावर विसंबू नका. तोंड कोरडं पडणं, डोळे खोल जाणं, चक्कर, नाडी जोरात चालणं, सुस्ती यांकडे बघा, आणि तहान लागायची वाट न पाहता ठरावीक वेळानं पाणी द्या.

माझा आठ वर्षांचा मुलगा सिकलचा आहे. अजून गादी ओली करतो. रात्री पाणी बंद केलं तर चालेल का?

ताई, पाणी बंद करू नका. तो आळशी नाही, हट्टीही नाही. त्याची किडनी रात्रभर पातळ लघवी बनवत राहते आणि मूत्राशय लवकर भरतं. पाणी तोडलं तरी लघवी फारशी घटत नाही, अंग मात्र सुकतं आणि अंगदुखीचा झटका ओढवू शकतो. झोपण्याआधी लघवीला न्या, रात्री एकदा-दोनदा उठवा, गादीखाली प्लास्टिक अंथरा. आणि त्याला रागावू नका, भावंडांसमोर तर मुळीच नाही. इतर कारणंही असू शकतात, जंतुसंसर्ग किंवा साखर, म्हणून एकदा लघवी तपासून घ्या.

शाळेत जाऊन बाईंना सांगा की त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि मागेल तेव्हा लघवीला सोडा. सिकलसेल हा आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेला आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

लहान वयात हे नुकसान काही प्रमाणात भरून येतं. रक्त चढवल्यावर लहान मुलांची लघवी पुन्हा घट्ट होऊ लागते, हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं. वय १०-१५ च्या पुढे गेलं की ही संधी बहुधा निघून जाते. याचा अर्थ केवळ गादीसाठी रक्त चढवावं असा नाही, उपचार लवकर आणि नियमित सुरू व्हावेत असा आहे.

मी फक्त वाहक आहे, रिपोर्टवर एएस आहे. मलाही त्रास होईल?

बहुतेक वाहक आयुष्यभर धडधाकट असतात. लघवी घट्ट करण्याची ताकद वयाबरोबर थोडी कमी होते, ती जाणवतही नाही. पण भर उन्हात पोलीस भरतीची धाव किंवा तसलेच अतोनात श्रम करताना पाणी आणि विश्रांती याबाबत हयगय करू नका. आणि लघवीत रक्त दिसलं तर वाहक असल्याचं डॉक्टरांना सांगा.

तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. लग्न ठरवताना दोघांचेही रिपोर्ट बघा.

लघवी एकदम लाल झाली, दुखत मात्र नाही. सिकल आहे. थांबून बघू का?

थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. पॅपिलाच्या आसपासची वाहिनी फुटून किंवा पॅपिलाचं टोक मरून असं रक्त येतं. हे डाव्या किडनीतून येण्याचं प्रमाण जास्त आहे, कारण डाव्या किडनीची शीर लांब असते आणि दोन मोठ्या धमन्यांच्या मधून दबून जाते. बहुतेक वेळा आराम आणि पाण्यानं ते थांबतं. पण तुटलेला तुकडा खाली अडकून लघवी तुंबू शकते, आणि क्वचित वाहकांत मेड्युलाचा एक आक्रमक कर्करोगही आढळतो. सोनोग्राफी टाळू नये ती यासाठी.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे सिकलमध्ये किडनी ठीक आहे ना?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी बिघडली की तो रक्तात वाढतो. पण सिकलमध्ये नळ्या क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकतात आणि तरुणपणी गाळण्याही नेहमीपेक्षा जोरात चालतात. त्यामुळे आकडा छान दिसतो. वय १० वर्षांचं झालं की दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यावं. बिघाडाची खूण तिथे आधी सापडते.

युरिन रिपोर्टमधली स्पेसिफिक ग्रॅव्हिटी कशी वाचायची?

लघवी साध्या पाण्याच्या किती पट जड आहे, ते हा आकडा सांगतो. १.००३ ते १.०३० ही नेहमीची कक्षा. १.०१० म्हणजे साधारण रक्ताइतकीच संहती, म्हणजे किडनीनं घट्टही केलं नाही आणि पातळही नाही. एका रिपोर्टवरून काहीच ठरवू नका, नुकतंच दोन ग्लास पाणी प्यायलेल्याचीही तशीच येईल. पण सकाळच्या पहिल्या लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी प्रत्येक वेळी १.०१० च्याच आसपास येत असेल तर मेड्युलाचं काम मंदावलंय का ते बघावं लागतं. साखर किंवा प्रथिन जात असेल, किंवा स्कॅनसाठी कॉन्ट्रास्ट दिला असेल, तर रिफ्रॅक्टोमीटर या प्रकाशाच्या वाकण्यावरून मोजणाऱ्या यंत्रावर आकडा फसवा वाढतो. नेमकं हवं असेल तर युरिन ऑस्मोलॅलिटी, म्हणजे लघवीची संहती मोजायची चाचणी, करतात.

वडील सत्तरीचे आहेत. रात्री तीन-तीनदा उठतात. प्रोस्टेटच असेल ना?

असू शकतं, पण तेच असेल असं नाही. वयाबरोबर लघवी घट्ट करण्याची ताकद सर्वांचीच उतरते. मधुमेह, पायांना सूज, झोपेत श्वास अडकणं आणि किडनीचा सुरुवातीचा आजार यांतही रात्री लघवी वाढते. प्रत्येक वेळी भरपूर होते की थेंब थेंब, एवढं पाहून ठेवा. भरपूर होत असेल तर प्रोस्टेटपेक्षा बाकीच्या कारणांकडे आधी बघावं लागतं.

लॅसिक्स दिल्यावर इतकी लघवी का होते?

लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, लूपच्या जाड भागातला क्षारांचा पंपच बंद करतं. क्षार लघवीत राहतात, मेड्युला फिकी पडते आणि पाणी ओढायला काही उरत नाही. पंप थांबल्यानं मेड्युलाची ऑक्सिजनची मागणी घटते, हे एमआरआयवर दिसतंही. पण किडनी वाचवण्यासाठी लॅसिक्स द्यावं, असं यातून ठरलेलं नाही.

मेड्युलातलं रक्त मोजता येतं का?

रोजच्या तपासण्यांत नाही. साधा डॉपलर मोठ्या वाहिन्या दाखवतो, व्हासा रेक्टा त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. संशोधनात बोल्ड एमआरआय वापरतात, त्यात ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळं वागतं त्यावरून अंदाज घेतात. त्यातून १९९० च्या दशकात एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट पुढे आली : भरपूर पाणी प्यायल्यावर तरुणांच्या मेड्युलातला ऑक्सिजन वाढला, वयस्करांचा वाढला नाही.

पाणी न पिता लघवी तपासायची चाचणी घरी करता येईल का?

नाही. या चाचणीत तासागणिक वजन, रक्तातलं सोडियम आणि लघवीची संहती मोजतात आणि वजन ठरावीक प्रमाणाबाहेर घटलं की चाचणी थांबवतात. म्हणून ती रुग्णालयातच होते. सिकलच्या रुग्णाला तहानलेलं ठेवून ही चाचणी करू नये. कुणी सुचवली तर आजाराचं नाव आधी सांगा आणि सकाळच्या पहिल्या लघवीच्या ऑस्मोलॅलिटीवर भागेल का, ते विचारा.